अभयकुमारची बुद्धी फक्त वहीतच मागायची का?



दिवाळीला आपल्याकडे वहीपूजन होतं. कुंकवाचा साथिया काढायचा, नव्या वहीच्या पहिल्या पानावर गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्राची ऋद्धी, बाहुबलीचं बळ, कयवन्ना शेठचं सौभाग्य आणि अभयकुमारची बुद्धी मागायची. आमच्या नेकनूरच्या दुकानात हे वर्षानुवर्षं चालत आलंय. आता हिशेब सगळा कॉम्प्युटरवर असतो, वही पूजेपुरतीच उरली, पण मागणं तेच आहे.

मागच्या दिवाळीत धाकटीनं विचारलं, "मम्मी, ऋद्धी म्हणजे पैसा, बळ म्हणजे ताकद. मग अभयकुमारची बुद्धी म्हणजे मार्क का गं?"

मी "हो" म्हणणारच होते. आमच्या घरात बुद्धी हा शब्द मार्कांसाठीच वापरला जातो. पण हातात वही होती, म्हणून तिला अभयकुमारची गोष्ट सांगायला बसले.

गोष्ट तुम्हालाही ठाऊक असेल. श्रेणिक राजानं कोरड्या विहिरीत अंगठी टाकली आणि दवंडी पिटवली, की जो काठावर उभा राहून, आत न उतरता ती काढेल तो प्रधान होईल. मोठमोठे विद्वान आले, बघून गेले. राजगृहीत नुकत्याच आलेल्या अभयकुमारनं अंगठीवर ओलं शेण टाकलं. वरून पेटतं गवत टाकून ते वाळवलं. मग शेजारच्या विहिरीचं पाणी या विहिरीत सोडलं. पाणी चढलं, वाळलेली गोवरी तरंगत काठाशी आली आणि तिला चिकटलेली अंगठीही.

शेण, गवत आणि पाणी तिथल्या प्रत्येकाच्या ओळखीचं होतं. विद्वान अंगठीपर्यंत हात कसा पोचेल याचा विचार करत राहिले. अंगठीच हातापर्यंत कशी येईल, हे अभयकुमारनं पाहिलं. या बुद्धीला आपल्या शाळेत मार्क नाहीत, आणि पुढच्या काळात काम टिकवायला हीच बुद्धी लागणार आहे. हे मला पुस्तकातून कळलं नाही, घरातच कळलं.

माझा पुतण्या बी.कॉम. झाला आणि पुण्यात एका कंपनीत लागला. देशभरातून आलेली बिलं वाचायची आणि योग्य खात्यात भरायची, हे त्याचं काम. मुलगा हुशार, दहावीला तालुक्यात नाव झालेलं, हात स्वच्छ, एक आकडा इकडचा तिकडे होणार नाही. तीन वर्षांनी कंपनीत नवा प्रोग्राम आला. तो बिलाचा फोटो वाचतो आणि स्वतःच नोंद करतो. चौदा जणांच्या टीममधले चार उरले, त्यात हा नव्हता. घरी आला त्या रात्री जेवण झाल्यावर ओट्यापाशी उभा राहून म्हणाला, "काकी, मी एकदाही चूक केली नव्हती."

त्या वाक्यानं मला झोप लागली नाही. आम्हीच त्याला शिकवलं होतं, की चूक केली नाही म्हणजे झालं.

जे चार उरले त्यात एक मुलगी होती, हिच्यापेक्षा त्याचे मार्क कितीतरी जास्त. पण एकाच व्यापाऱ्याचं बिल नंबर बदलून दोनदा येतं, हे तिच्या लक्षात आलं होतं. "असं का होतं?" म्हणून ती साहेबांना विचारत राहिली, आणि ते पकडायची एक साधी पद्धत तिनं स्वतः बसवली. तिला ते काम कोणी दिलेलं नव्हतं.

ही एका घरची गोष्ट नाही. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमचा नोकऱ्यांच्या भविष्यावरचा अहवाल येतो. कामाच्या ठिकाणी कोणती कौशल्यं सगळ्यात महत्त्वाची, या प्रश्नावर २०२३ च्या अहवालात पहिला नंबर होता विश्लेषणात्मक विचाराचा आणि दुसरा सर्जनशील विचाराचा. २०२५ चा अहवाल सांगतो, की २०३० पर्यंत जगात ९ कोटी २० लाख कामं जातील आणि १७ कोटी नवी तयार होतील. आज लागणाऱ्या कौशल्यांपैकी ३९ टक्के बदललेली असतील. म्हणजे काम संपणार नाही, पण कालचंच काम कालच्याच पद्धतीनं करणाऱ्याची पंचाईत होणार.

नेकनूरला बसून याचं काय, असं वाटेल. पण आपल्या बीड जिल्ह्यातून दर हंगामाला लाखो माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, आणि आता उसाच्या फडात हार्वेस्टर उतरलाय. यंत्र काही फक्त पुण्याच्या ऑफिसात येत नाही.

आपल्या आगमात या विषयावर फार नेमकं सांगितलंय. नंदीसूत्रात बुद्धीचे चार प्रकार आहेत. गुरूंच्या सेवेतून, शिकून येते ती वैनयिकी. काम पुन्हा पुन्हा करून हाताला येते ती कर्मजा. वयाबरोबर, अनुभवानं पिकते ती पारिणामिकी. आणि या सगळ्यांच्या आधी नाव येतं औत्पत्तिकीचं. पूर्वी न पाहिलेल्या, न ऐकलेल्या प्रसंगात तिथल्या तिथे सुचते ती ही बुद्धी.

आता कॉम्प्युटरकडे बघा. लाखो पुस्तकं वाचून शिकणं आणि तेच काम न थकता कोटी वेळा करणं, यात तो आपल्या पुढे जाणारच. माझ्या पुतण्याची वैनयिकी आणि कर्मजा दोन्ही उत्तम होत्या. नेमक्या त्याच यंत्रानं घेतल्या. औत्पत्तिकीला आम्ही कधी खतपाणीच घातलं नव्हतं.

कोणी म्हणेल, आता यंत्र कविता करतं, चित्रं काढतं, मग ती बुद्धीही त्याचीच झाली की. मला तसं वाटत नाही. यंत्र विचारलेल्याचं उत्तर देतं, एकाला दहा उत्तरं देतं. पण मुळात काय विचारायचं, त्या दहांपैकी आपल्या गावाला, आपल्या गिऱ्हाईकाला कोणतं चालेल, आणि चुकलं तर पुढे होऊन "माझं चुकलं" कोणी म्हणायचं, हे माणसाकडेच राहतं.

या औत्पत्तिकी बुद्धीची कथा आहे रोहकाची. उज्जयिनीजवळच्या नटांच्या एका गावातला तो पोरगा. राजानं गावाला एक मेंढा पाठवला आणि हुकूम दिला, की पंधरा दिवसांनी परत करा, वजन ना वाढलं पाहिजे ना घटलं पाहिजे. गाव घाबरून गेलं. रोहक म्हणाला, मेंढ्याला पोटभर चारा घाला आणि समोर लांडगा बांधून ठेवा. खाल्लेलं अंगी लागणार नाही आणि उपाशीही राहणार नाही. दुसऱ्यांदा राजानं वाळूचा दोर वळून मागितला. रोहकानं निरोप धाडला, की राजवाड्यात जुना एखादा असेल तर नमुन्याला पाठवा, तसाच वळून देतो.

मला यातलं आवडतं ते हे, की तो खेड्यातला मुलगा होता. त्याच्याकडे क्लास नव्हता, साधनं नव्हती. अडचण होती, आणि मोठ्यांनी त्याला "तू गप्प बस, तुला काय कळतं" म्हटलं नाही.

अडचणीतून सुचतं, हे आपल्यासारख्या जैन घरातल्या बाईला कोणी सांगायला नको. कंदमूळ नाही, चातुर्मासात पालेभाजी नाही, सूर्यास्तानंतर स्वयंपाक नाही. तरी पाहुणे आले की ताट भरलेलं असतं. बटाट्याच्या जागी कच्चं केळं आणलं ते आपणच. गट्टे, मुगाच्या वड्या, वाळवलेल्या भाज्या, दाण्यामेथीची भाजी, सगळं "हे नाही तर मग काय?" या एका प्रश्नातून आलंय. आज शहरातल्या हॉटेलच्या कार्डावर "जैन पावभाजी" छापलेली असते. आपल्या घरच्या बंधनानं बाहेर एक बाजार उभा केला. मी मुलींना सांगते, सर्जनशील म्हणजे मनाला येईल ते करणं नव्हे. मर्यादा मान्य करून तिच्या आत नवी वाट काढणं, ते आपल्या व्रतांनी आपल्याला केव्हाच शिकवलंय.

हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं ते जळगावच्या भवरलालजी जैन यांनी. वाकोदचं शेतकरी कुटुंब, स्वतः कायद्याची पदवी घेतलेले. १९६३ साली ७,००० रुपयांच्या भांडवलावर त्यांनी रॉकेल विकण्यापासून सुरुवात केली. १९७८ साली केळीची भुकटी करणारा एक बंद पडलेला कारखाना घेतला, आणि तिथे पपईच्या चिकापासून पपेन बनवायला लागले. लोकांना पपई फळ म्हणून दिसत होती, त्यांना तिच्या चिकात औद्योगिक माल दिसला. पुढे पाइप, आणि मग ठिबक सिंचन. थेंबाथेंबानं पाणी द्यायचं तंत्र इस्रायलमध्ये विकसित झालेलं, पण ते आपल्याकडच्या लहान शेतकऱ्याच्या रानापर्यंत नेणं हे वेगळं डोकं होतं. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१६ साली ते गेले. आपल्या दुष्काळी भागात ज्या नळीतून झाडाच्या बुडाशी थेंब पडतो, तिच्यामागे हा विचार आहे.

एवढं मोठं नको, आपल्या बालाघाटातलं सीताफळ घ्या. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. पण फळ पिकलं की दोन-तीन दिवसांत बाद. बाया डोंगरातून टोपल्या भरून आणतात आणि बाजार उठायच्या वेळेला मिळेल त्या भावात देऊन जातात. त्याच फळाचा गर काढून गोठवला तर बासुंदीला, आइस्क्रीमला वर्षभर जातो. फळ, डोंगर, बाई तीच. मधे एक विचार आला की रोजगार बदलतो.

मग हा विचार मुलांमध्ये यायचा कसा? त्याचं उत्तर मला स्वाध्यायात सापडलं. स्वाध्यायाचे पाच भेद आपण पाठ म्हणतो: वाचना, पृच्छना, परिवर्तना, अनुप्रेक्षा, धर्मकथा. वाचना म्हणजे घेणं आणि परिवर्तना म्हणजे घोकणं, हे दोन आपण जोरात करतो. पृच्छना म्हणजे विचारणं आणि अनुप्रेक्षा म्हणजे मनात घोळवणं, हे दोन आपण गाळून टाकले. धर्मातही आणि शाळेतही. भगवती सूत्र तर सगळं प्रश्नांवरच उभं आहे, गौतमस्वामींचे ३६,००० प्रश्न परंपरेनं मानले जातात. चार ज्ञानांचे धनी असलेले गणधर प्रभूंना विचारतात, "भंते, हे असं का?" आणि आपली पोरगी दुसऱ्यांदा "का" म्हणाली की आपण म्हणतो, "जास्त डोकं चालवू नको, अभ्यास कर."

पाठांतर वाईट असं मी म्हणत नाही. प्रतिक्रमण मी पाथर्डी बोर्डाच्या परीक्षेसाठी पाठ केलं आणि आजही ते माझा आधार आहे. लातूरला क्लाससाठी पोरं पाठवणाऱ्या आईबापांनाही मी हसत नाही, मीही पाठवीन. सरकारी नोकरीची, डॉक्टरकीची ओढ आपल्या जिल्ह्यात का आहे ते मला कळतं. पण पाया घालून भिंत बांधायची राहिली, तर त्याला घर म्हणत नाहीत.

आणि एक भीतीही आहे. सुचणं हे एकटं पुरेसं नाही. लोकांचे आयुष्यभराचे पैसे दामदुप्पटीच्या नावानं बुडवणाऱ्यालाही काहीतरी नवीनच सुचलेलं असतं. म्हणून बुद्धीच्या आधी "सम्यक्" लागतं. दुसऱ्याचं चोरायचं नाही, कोणाला दुखवून कमवायचं नाही, या चौकटीत राहून जे सुचेल ते खरं. तेच अभयकुमार पुढे प्रधानपद सोडून दीक्षा घेतात, हे मुलांना सांगायला विसरू नये.

पुतण्या सध्या दुकानात बसतो. आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दीत गिऱ्हाईक परत जातं, हे त्यानं पाहिलं. आता आदल्या संध्याकाळीच तो खेड्यापाड्यांतून फोनवर याद्या मागवतो आणि माल बांधून ठेवतो. जेठजी पहिल्या आठवड्यात रागावले, "आपल्याकडे असं कोणी करत नाही" म्हणून. आता गप्प आहेत. पुन्हा नोकरी मिळेल की नाही, माहीत नाही. पण "मी चूक केली नव्हती" हे वाक्य त्याच्या तोंडून बरेच दिवसांत ऐकलं नाही.

येत्या दिवाळीला मी वहीत एक बदल करणार आहे. पहिल्या पानावर तेच मागणं राहील. दुसरं पान कोरं ठेवणार, घरातल्या मुलांनी विचारलेल्या आणि आम्हा मोठ्यांना उत्तर न आलेल्या प्रश्नांसाठी. पहिला प्रश्न धाकटीचाच असेल. तुमच्याही वहीत एक पान ठेवून बघा.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल, तर मिच्छामि दुक्कडम्.