मनातला मुलूख

२०२५ च्या सप्टेंबरात वासुदेव गायतोंडे यांचे १९७० सालचे एक चित्र लिलावात ६७ कोटी ८ लाख रुपयांना गेले. त्याआधी, २०२३ च्या ऑगस्टमध्ये, सय्यद हैदर रझा यांच्या ‘जेस्टेशन’ला ५१ कोटी ७५ लाख मिळाले होते. अशी बातमी आली की घरोघरी एकच प्रश्न निघतो : ‘एवढे आहे तरी काय त्यात?’ उभी हयात बँकेत गेल्यामुळे मलाही तो हमखास विचारला जातो. भाव का चढला हे सांगणे सोपे आहे. चित्रकार हयात नाही, चित्रे मोजकी आणि घेणारे पैसेवाले पुष्कळ. पण त्यात आहे काय, हा प्रश्न भावाच्या आकड्याने सुटत नाही. उलट झाकला जातो.

या प्रश्नाकडे जाण्याची आपल्यासारख्यांना जवळची वाट म्हणजे अर्धअमूर्त निसर्गचित्र. यात घर, झाड, टेकडी धड ओळखू येत नाही, आणि तरी जागा ओळखीची वाटते. या वाटेने गेलेला एक मोठा चित्रकार आपल्या अमरावती जिल्ह्यातला आहे. शंकरपटासाठी ठाऊक असलेल्या तळेगाव दशासरला १९१७ साली हरी अंबादास गाडे जन्मले. शिक्षण विज्ञानाचे, नोकरी शिक्षकाची. १९४७ साली मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा आणि बाकरे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन करणारे सहावे नाव गाड्यांचे. त्यांच्या निसर्गचित्रांत गाव रंगांच्या तुकड्यांनी उभे राहते. कोटींच्या बातम्या आपण चवीने वाचतो. गाडे हे नाव मात्र आपल्याकडे किती घरांत निघते?

त्यांचे सहकारी रझा १९२२ साली मंडला जिल्ह्यात जन्मले. तेव्हा मंडला आणि आपले दर्यापूर एकाच मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या कारभारात होते. वडील वनखात्यात. नागपूरच्या कलाशाळेत शिकून रझा मुंबईला गेले आणि १९५० साली फ्रान्सला. तिथे आधी त्यांनी तिथलीच खेडी, तिथलीच घरे रंगवली. पण सत्तरीच्या दशकातल्या ‘जमीन’, ‘तपोवन’ या चित्रांत गडद काळोख आणि त्यातून पेटलेला तांबडा-पिवळा रंग येतो. लहानपणी रात्रीच्या जंगलाचे वाटणारे भय आणि उजाडल्यावर मिळणारा दिलासा यांविषयी ते स्वतः सांगत. या चित्रांत झाड शोधले तर सापडत नाही. भय आणि दिलासा मात्र दोन्ही सापडतात. २०१६ साली ते दिल्लीत वारले आणि त्यांचे दफन मंडल्याला, वडिलांच्या कबरीशेजारी झाले. साठ वर्षे परदेशात काढूनही मनातला मुलूख बदलला नव्हता.

आता दर्यापूरकडे पाहू. हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. नावात दर्या आणि विहिरीचे पाणी खारट. सपाट काळी जमीन, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा. पावसाळ्यात तीच जमीन पाय ओढून घेते, आणि तिच्यात मुरलेल्या ओलीवर पुढे हरभरा उभा राहतो. पीककर्जाच्या पाहणीसाठी मी या भागात पुष्कळ हिंडलो. बँकेच्या लेखी जमीन म्हणजे सातबारा, क्षेत्र आणि बोजा. एकदा एका शेतकऱ्याने मला सांगितले, ‘सायेब, वावर गाडीतून नाई दिसत, खाली उतरा लागते.’ त्याच्या लेखी त्या वावरात बापाने खणलेली, खारट निघालेली विहीर होती आणि लेकीच्या लग्नाला पैसा देणारे एक साल होते. सातबारा खोटा नव्हता. पण हे सारे लिहायला त्यात रकाना नव्हता. अर्धअमूर्त निसर्गचित्र हा तो रकाना आहे.

गंमत पाहा. या सपाट मुलखातल्या शाळकरी मुलाला निसर्गचित्र काढायला सांगा. तो दोन त्रिकोणी डोंगर काढील, मध्ये अर्धा सूर्य, खाली निळी नदी, कौलारू झोपडी आणि वर चार पक्षी. त्याच्या घराच्या आसपास यातले काही नाही. कोणीतरी शिकवलेला निसर्ग तो काढतो आणि आपण त्याला ‘छान’ म्हणतो. भेगाळलेले वावर त्याने जांभळे रंगवले, तर लगेच विचारतो, ‘माती अशी असते का?’ अशा वेळी आपण केवळ त्याचा रंग खोडत नाही. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नको, असे शिकवतो.

हा प्रश्न केवळ कलेचा नाही. न बोललेल्या दुःखाची किंमत वऱ्हाडाने गेल्या तीस वर्षांत फार मोजली. ‘कसं चाललंय?’ म्हटले की ‘ठीक हाय’ म्हणणारी घरे मी पाहिली आहेत. त्या दोन शब्दांमागे काय दडले होते ते मागाहून कळले. चित्राने कर्ज फिटत नाही, पाऊस पडत नाही, कापसाला भावही मिळत नाही. पण जे ओठांवर येत नाही त्याला बाहेर पडायला एक दार मिळते. शब्द अडतात तिथे कधी एखादा रंग पुढे होतो.

तेव्हा या सुट्टीत मुलांपुढे कागद-रंग ठेवा आणि डोंगर न काढता आपले वावर काढायला सांगा. ते जांभळे निघाले तर दुरुस्त करू नका. ‘हे कोणत्या वेळचे रे?’ एवढेच विचारा, आणि उत्तर देताना त्याला मध्येच तोडू नका.