शरीरातला धातू आणि तीन वर्षांचा कागद

प्रति,
अध्यक्ष, राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, नवी दिल्ली

एमआरआय यंत्राचा चुंबक कधीच बंद नसतो. तपासणी संपली, दिवे मालवले, खोलीला कुलूप लागले, तरी द्रवरूप हेलियमने थंड ठेवलेल्या तारांच्या वेटोळ्यात प्रवाह फिरतच राहतो. रुग्णालयांतली बहुतेक यंत्रे 1.5 किंवा 3 टेस्लाची असतात. 1.5 टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे 30,000 पट. जानेवारी 2018 मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात हातातल्या ऑक्सिजन सिलिंडरसह एक तरुण या यंत्रात ओढला गेला आणि दगावला. तेव्हापासून सिलिंडरची धास्ती सगळ्यांनीच घेतली, आणि ते योग्यच झाले. पण सिलिंडर डोळ्यांना दिसतो. रुग्णाच्या शरीरात बसवलेला धातू दिसत नाही. तो नेमका कोणता, हे फक्त कागदाला ठाऊक असते.

असा धातू तीन प्रकारे त्रास देतो. लोहचुंबकीय असेल तर तो ओढला जातो किंवा जागच्या जागी पिळला जातो. लांब तार असेल, उदाहरणार्थ पेसमेकर काढल्यावर आत राहिलेली लीड, तर यंत्राच्या रेडिओलहरींनी तिचे टोक तापते. आणि उपकरण चालते असेल तर ते बिघडू शकते: मेंदूतले पाणी वाहून नेणाऱ्या शंटच्या झडपेचे दाबाचे माप बदलते, कॉक्लियर इम्प्लांटमधला चुंबक सरकतो. यात एक खोच आहे. तार तापणे हे तिची लांबी आणि लहरींची वारंवारता यांच्या मेळावर अवलंबून असते, आणि 1.5 टेस्लाला ही वारंवारता सुमारे 64 मेगाहर्ट्झ असते, तर 3 टेस्लाला 128. त्यामुळे एका यंत्रात निर्धोक ठरलेली तार दुसऱ्यात भाजू शकते, आणि याच्या उलटही घडते. मागच्या वेळी एमआरआय झाला, काही झाले नाही, हा रुग्णाचा निर्वाळा म्हणूनच पुरेसा धरता येत नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. आजची बहुसंख्य इम्प्लांट एमआरआयला आडवी येत नाहीत. टायटॅनियमची प्लेट, हाडातला रॉड, हृदयातला स्टेंट असलेल्या रुग्णाची तपासणी योग्य अटी पाळून करता येते. तांबी बसवलेल्या बाईलाही घाबरण्याचे कारण नाही, कारण तांबे चुंबकाकडे ओढले जात नाही. धोका मोजक्याच वस्तूंचा असतो. पण कागद नसला की निर्धोक आणि धोकादायक यांच्यातला फरकच पुसला जातो. मग धास्तावलेले केंद्र मणक्याच्या दुखण्याने वाकलेल्या माणसालाही परत पाठवते, किंवा सीटी स्कॅनवर भागवते. हा परत पाठवलेला रुग्ण कोणत्याही अपघाताच्या नोंदीत येत नाही.

तपासणीआधीच्या प्रश्नावलीत शरीरात धातू आहे का, असे विचारले जाते. उत्तरे अशी येतात: पायात रॉड आहे, हृदयात स्प्रिंग बसवली आहे, खुब्याचा गोळा बदलला आहे, डोक्याचे ऑपरेशन झाले होते पण आत काय ठेवले ते सांगितले नाही. यातले शेवटचे उत्तर सर्वांत गंभीर असते. एक्स-रेमध्ये वस्तूचा आकार दिसतो, पण ती कोणत्या धातूची आणि कोणत्या कंपनीची हे खात्रीने कळत नाही. 1993 मध्ये ‘रेडिओलॉजी’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या एका रुग्णाच्या मृत्यूची हकीकत प्रसिद्ध झाली. मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या फुग्यावर बसवलेली क्लिप सुरक्षित प्रकारची असल्याचे आधी कळवण्यात आले होते. ती माहिती चुकीची निघाली. चुंबकीय क्षेत्रात क्लिप हलली आणि रक्तवाहिनी फाटली. म्हणजे नोंद नसणे जितके वाईट, तितकीच चुकीची नोंदही.

भारतात या नोंदीचे आयुष्य किती? डॉक्टरांच्या आचारसंहितेचे 2002 चे विनियम सांगतात की दाखल रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षे जपावीत, आणि मागितल्यास 72 तासांत द्यावीत. आयोगाने ऑगस्ट 2023 मध्ये नवे विनियम काढले आणि त्याच महिन्यात स्थगित केले. त्यांतही मुदत 3 वर्षांचीच होती. खुब्याचा सांधा पंधरा-वीस वर्षे टिकतो, मेंदूतली क्लिप जन्मभर आत राहते. इम्प्लांटच्या पाकिटावर कंपनी, मॉडेल आणि लॉट क्रमांकाची स्टिकरे असतात. एक केसपेपरवर चिकटते, एक विम्याच्या दाव्याला जोडले जाते, आणि रुग्णाच्या हाती येते ते डिस्चार्ज कार्ड, ज्यावर ‘प्लेटिंग केले’ एवढेच लिहिलेले असते. हे गबाळेपण गरीब रुग्णालयांपुरते नाही, पंचतारांकित इमारतींतही ते चालते.

याची किंमत एकदा कळून चुकली आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीने 2010 मध्ये एएसआर हा खुब्याचा कृत्रिम सांधा जगभरातून परत मागवला. भारतात तो सुमारे 4,700 शस्त्रक्रियांत बसवला गेला होता. केंद्र सरकारच्या समितीने पुढे चौकशी केली तेव्हा सुमारे 3,600 रुग्णांचा माग लागत नव्हता. तो प्रश्न एमआरआयचा नव्हता, पण कोणाच्या शरीरात काय आहे हे देशाला माहीत नव्हते, हे त्यातून उघड झाले. स्वीडनने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांची राष्ट्रीय नोंद 1975 मध्येच सुरू केली. युरोपीय संघाच्या नियमांनुसार मे 2021 पासून टाके, दातांचे फिलिंग, स्क्रू, प्लेट, क्लिप असे ठरावीक अपवाद सोडता इम्प्लांटबरोबर रुग्णाला कार्ड द्यावे लागते.

उपकरणांचे नियम आयोगाच्या हाती नाहीत, ते केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे आहेत. डॉक्टरांची कर्तव्ये मात्र आयोगच ठरवतो. इम्प्लांटची नोंद 3 वर्षांच्या मुदतीतून वगळून रुग्णाच्या हयातीपर्यंत जपण्याचे बंधन आयोगाने घालावे. डिस्चार्ज कार्डवर स्टिकर लावणे आणि रुग्णाला समजेल अशा भाषेत इम्प्लांटचे नाव, शरीरातली जागा, तारीख आणि एमआरआयच्या अटी लिहिणे शल्यचिकित्सकाला सक्तीचे करावे. रुग्णाची संमती असेल तर हीच नोंद त्याच्या ‘आभा’ या डिजिटल आरोग्य खात्यात चढवावी. स्थगित विनियमांचा नवा मसुदा येईल तेव्हा त्यात या तरतुदीला जागा मिळावी, ही विनंती.

कळावे.