रोगाची साथ आणि घराचा हक्क

रोगाची साथ जात पाहत नाही, असे नेहमी सांगण्यात येते. रोगजंतूंपुरते हे विधान खरे आहे. परंतु साथ येताच घरांच्या बाजारात जी उलथापालथ होते, तिच्या बाबतीत ते मुळीच खरे नाही. मोकळ्या हवेत जागा कोणास मिळावी, कोंदट खोलीत कोणी मागे राहावे, सवलत कोणाच्या पदरात पडावी आणि कोरडी सहानुभूती कोणाच्या, हे रोग ठरवीत नाही. मालकी, पैसा आणि जात ही ते ठरवितात. मुंबई शहराचा इतिहास याची साक्ष देतो.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढील काही महिन्यांत जवळजवळ निम्मे शहर पळाले. १८९१ च्या खानेसुमारीत ८,२१,७६४ असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली. चाळींतील खोल्या ओस पडल्या. मजूर टिकविण्यासाठी गिरणीमालकांस रोजची मजुरी रोज चुकती करावी लागली. अशा वेळी भाडेकरूचे पारडे जड व्हावयास हवे होते. क्षणभर तसे भासलेही. परंतु बाजाराने आपली घडी लवकरच बसविली. सुखवस्तू लोक वांद्रे, सांताक्रूझ, अंधेरीकडे राहावयास गेले. निरनिराळ्या जातींनी आपापली इस्पितळे काढली. ज्याच्यापाशी जमीन नाही आणि धनवान जातभाईही नाही, त्याने कोठे जावे? तो त्याच चाळीत परतला. त्याच साथीत पुण्याला रोग्यांची जात न पाहता सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. बाजाराचा मार्ग मात्र त्यांच्या मार्गाच्या नेमका उलट होता.

१८९८ मध्ये सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढण्यात आले. पाडलेल्या घराची भरपाई मालकास मिळाली. भाडेकरूस बिऱ्हाड हलविण्याचा हुकूम मिळाला. प्रारंभीच्या वर्षांत ट्रस्टने बांधल्या त्याहून अधिक खोल्या पाडल्या. निराधार झालेली कुटुंबे शेजारच्या चाळींत शिरली. तेथे दाटी वाढली आणि दाटीबरोबर भाडेही चढले. रोग हटविण्याच्या उपायानेच रोगास पोषक अशी दाटी निर्माण केली!

याच ट्रस्टने दादर-माटुंग्याची नवी वसाहत आखली. तेथे हवा होती, झाडे होती, रुंद रस्ते होते. परंतु तेथील वस्त्यांची नावे पाहा: हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी! शहर नव्याने वसले, पण ते समाजवार वसले. परळच्या ट्रस्टच्या चाळीत बाबासाहेबांनी आयुष्याची सुमारे वीस वर्षे काढली आणि त्यानंतर हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले. शहराच्या या दोन्ही बाजू त्यांनी जवळून पाहिल्या. घराचा प्रश्न केवळ ऐपतीचा नव्हे, हे त्यांनी बडोद्यास १९१७ मध्येच अनुभविले होते. मोठी विद्या आणि संस्थानची नोकरी असूनही पारशी धर्मशाळेतून त्यांस बाहेर पडावे लागले.

हा प्रश्न आज संपला आहे काय? अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सहकारी संस्थेने आपले सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्यास हरकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिला. समाजवार वस्तीला असा आसरा आजही आहे.

२०२० च्या कोविड साथीत हाच अनुभव पुन्हा आला. २९ मार्च रोजी केंद्रीय गृहखात्याने, मजुरांकडून एक महिन्याचे भाडे मागू नये, असा आदेश काढला. १७ एप्रिल रोजी महाराष्ट्राच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली निदान तीन महिने पुढे ढकलावी, अशी सूचना घरमालकांस केली. भाडे लांबणीवर पडावयाचे होते, माफ व्हावयाचे नव्हते. शिवाय, आपण भाडेकरू आहोत एवढे तरी सिद्ध करण्यास किती मजुरांपाशी कागद होता? हजारो कुटुंबे पायी गावाकडे निघाली. उलट, घर विकत घेणाऱ्यांसाठी १ सप्टेंबरपासून मुंबईतील मुद्रांक शुल्क ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर उतरविण्यात आले. त्या डिसेंबरात मुंबईत १९ हजारांहून अधिक दस्त नोंदले गेले. खरेदीदारास कायद्याने निश्चित सवलत मिळाली. भाडेकरूच्या वाट्यास घरमालकाची मर्जी आली.

यावरून आमच्या बांधव-भगिनींनी काय बोध घ्यावा? संकटाच्या वेळी मिळणाऱ्या दयेवर विसंबू नये. संकट येण्यापूर्वीच आपला हक्क कागदावर आणावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. तसा करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. भाड्याची पावती मागणे ही मेहेरबानीची याचना नव्हे, तो हक्क आहे. आणि अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास मज्जाव करणे हा नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ याच्या कलम ४ खाली गुन्हा आहे.

प्रत्येक विहारात महिन्यातील एक रविवार या कामासाठी राखून ठेवावा. लिहिता-वाचता येणाऱ्या तरुणांनी भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांचे करार व पावत्या तपासाव्यात आणि नसतील त्यांना त्या मिळवून द्याव्यात. पुढील साथ केव्हा येईल, हे कोणीही सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा आपल्या माणसांच्या हाती कागद असावा.