अंगावरचे शब्द

गेल्या वर्षी माझ्या वर्गातला एक मुलगा सहलीला नवा टी-शर्ट घालून आला. छातीवर ठळक इंग्रजी अक्षरे होती. मी सहज विचारले, "यावर काय लिहिले आहे?" तो म्हणाला, "सर, माहीत नाही. रंग आवडला म्हणून घेतला." मुले हसली. मला मात्र हसू आले नाही. पुस्तकातल्या कठीण शब्दाचा अर्थ आपण विचारतो. मग दिवसभर छातीवर मिरवायच्या शब्दांचा अर्थ का विचारू नये?

माझे मत असे, की टी-शर्टवर शब्द हवेच असतील तर ते आपल्या मनातले असावेत आणि जमल्यास आपणच उमटवावेत. हे काम घरी होते. इस्त्रीने चिकटणारा ट्रान्सफर पेपर बाजारात मिळतो. टी-शर्ट नवा नसला तरी चालतो. पण तो पांढरा आणि सुती असावा. सुती कापड इस्त्रीची उष्णता सोसते, नायलॉन वितळते.

टी-शर्ट आधी धुऊन वाळवावा. कागद ज्या प्रिंटरसाठी बनवलेला असेल, त्याच प्रिंटरवर मजकूर छापावा आणि कडेचा जास्तीचा कागद कापून टाकावा. लाकडी पाटावर सुती कापड पसरून त्यावर टी-शर्ट ठेवावा. छापलेली बाजू खाली करून कागद ठेवावा आणि वरून गरम इस्त्री जोर देऊन फिरवावी. कडा आणि कोपरे विसरू नयेत. इस्त्रीत पाणी नसावे, कारण वाफेमुळे छाप नीट चिकटत नाही. किती वेळ दाबायचे, कागद केव्हा काढायचा, हे पाकिटावर लिहिलेले असते. घरातले मोठे माणूस जवळ असावे.

त्या मुलाने हे करून पाहिले. त्याने उर्दूत 'इल्म' आणि खाली मराठीत 'ज्ञान' असे लिहिले. पण कागद उलटा ठेवायचा असतो. म्हणून अक्षरे आरशात दिसतात तशी उलटी छापावी लागतात, हे तो विसरला. उर्दू डावीकडून आणि मराठी उजवीकडून सुरू झाली! तो रडवेला झाला. "सर, टी-शर्ट वाया गेला." मी म्हणालो, "बेटा, धडा तर वाया गेला नाही ना?" दुसऱ्या वेळी त्याने भावाचा जुना टी-शर्ट घेतला. या वेळी अक्षरे सरळ आली.

कोणी म्हणेल, दुकानातली छपाई अधिक सुबक आणि टिकाऊ असते. ते खरे आहे. शंभर टी-शर्ट हवे असतील तर दुकानातच जावे. घरचा छाप जपावा लागतो. टी-शर्ट उलटा करून थंड पाण्यात धुवावा लागतो, तरीही काही दिवसांनी छापाला भेगा पडतात.

पण पुढे एकदा बसमध्ये कंडक्टरने त्या मुलाला विचारले, "हे वर काय लिहिले आहे?" मुलाने मराठीत उत्तर दिले, "काका, जे खाली आहे तेच. इल्म म्हणजे ज्ञान." सहलीच्या दिवशी जो गप्प राहिला होता, तोच आज दुसऱ्याला अर्थ सांगत होता. मित्रांनो, कपडा कोणताही घाला. पण अंगावरच्या शब्दांचा अर्थ सांगता आला पाहिजे.