मैदानाच्या कडेने धावणारा फारूख

दिवाळीची सुट्टी संपून नोव्हेंबरात शाळा भरली, तेव्हा मधल्या सुट्टीत आमच्या सातवीच्या मुलांमध्ये एकच हळहळ चालली होती. रोनाल्डो आला नाही! २२ ऑक्टोबर २०२५ रोजी गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर एफसी गोवा आणि सौदी अरेबियाचा अल नस्र यांचा सामना झाला. रोनाल्डो याच अल नस्रकडून खेळतो, पण या सामन्यासाठी तो भारतात आलाच नाही. गोवा २-१ असा हरला. गोव्याचा एकमेव गोल ब्रिसन फर्नांडिस या गोव्याच्याच विंगरने केला, पण त्याचं नाव आमच्या एकाही मुलाच्या तोंडी नव्हतं.

मुलांना दोष कसा द्यावा? जव्हार-मोखाड्याच्या आठवडी बाजारात सात नंबरची जर्सी नागलीच्या पोत्यांशेजारी टांगलेली दिसते. सातचा पाढा अडखळत म्हणणारा मुलगासुद्धा रोनाल्डोचे क्लब धडाधड सांगतो: स्पोर्टिंग लिस्बन, मँचेस्टर युनायटेड, रियल माद्रिद, युव्हेंटस, पुन्हा युनायटेड आणि मग रियाधचा अल नस्र. आम्ही विचारलं, "बरं, फारूख चौधरी कोण?" वर्ग गप्प. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "सर, तो एसटी स्टँडजवळ पंक्चर काढतो तो?" सगळे हसले, आम्हीही हसलो. पण वाचकहो, त्या दिवशी मुलांना जे सांगितलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटतं. त्यात आमची स्वतःची एक चूकही आहे.

फारूख चौधरी अंबरनाथचा. जन्म ८ नोव्हेंबर १९९६. आपला पालघर जिल्हा वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. त्याआधी जव्हार, मोखाडा आणि अंबरनाथ हे सगळे ठाणे जिल्ह्यातच होते. म्हणजे फारूख १७ वर्षांचा होईपर्यंत तो आपल्याच जिल्ह्याचा मुलगा होता. फरक इतकाच की त्याच्या गावात लोकल थांबते आणि आपल्याला विक्रमगड, वाडा, भिवंडी करत एसटीने तिकडे जावं लागतं.

फारूख खेळतो विंगर म्हणून. ज्यांनी फुटबॉल पाहिलेला नाही त्या आमच्या बहिणींसाठी सांगतो. विंगर मैदानाच्या कडेला, चुन्याच्या रेघेलगत असतो. गर्दी मधे असते, चेंडूही बराच वेळ मधेच फिरतो. विंगरने कडेला जागा धरून थांबायचं, आणि चेंडू आला की क्षणात समोरच्याला चकवून पळायचं, गोलासमोर चेंडू टाकायचा किंवा आत वळून स्वतः मारायचा. दहा वेळा पळावं, तेव्हा दोनदा चेंडू मिळतो. पण म्हणून पळणं सोडलं, तर ते दोनही मिळत नाहीत.

फारूखच्या क्लबांचा प्रवासही असाच झाला. काश्मीरच्या लोनस्टार क्लबकडून खेळून तो २०१६ मध्ये केरळ ब्लास्टर्समध्ये गेला. इंडियन सुपर लीगमधला मोठा क्लब, हजारो प्रेक्षक. पण त्याला मैदानात उतरायला जवळजवळ मिळालंच नाही. त्या वर्षी केरळचे प्रशिक्षक होते इंग्लंडचे स्टीव्ह कॉपेल. पुढच्या वर्षी कॉपेल जमशेदपूर या नव्या क्लबचे प्रशिक्षक झाले आणि २०१७ च्या खेळाडू-निवडीत त्या क्लबने फारूखला घेतलं. ज्या गुरूने बाकावर बसवलं, त्याच गुरूच्या संघात त्याला पुन्हा जागा मिळाली. बाकावर बसलेल्या मुलाचा सरावही कुणीतरी पाहत असतो, असं आम्ही यावरून समजतो.

जमशेदपुरात तो तीन वर्षं रुजला. २०१८ मध्ये भारताच्या संघातही आला. ऑक्टोबर २०१९ मध्ये जमशेदपूरने हैदराबादला ३-१ ने हरवलं, त्यातला एक गोल अंबरनाथच्या फारूखचा आणि एक कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचा. २०२० मध्ये फारूख मुंबई सिटीत गेला. घराजवळचा क्लब खरा, पण कोरोनामुळे त्या हंगामाचे सगळे सामने गोव्यात, रिकाम्या मैदानांवर झाले. आणि जानेवारी २०२१ मध्ये मुंबईने जॅकीचंद सिंगला घेऊन फारूखला पुन्हा जमशेदपूरला पाठवलं. दोनच महिन्यांनी, १३ मार्चला, मुंबई सिटीने अंतिम सामना जिंकून चषक उचलला!

त्या वर्षी ५ सप्टेंबरला, म्हणजे शिक्षकदिनी, काठमांडूत नेपाळविरुद्ध भारत २-१ असा जिंकला. पहिला गोल फारूखचा होता, देशासाठी त्याचा पहिलाच. पुढचा गोल करायला त्याला तीन वर्षांहून अधिक काळ लागला. मधे दुखापतीने त्याला बराच काळ मैदानाबाहेर ठेवलं. २०२३ मध्ये तो चेन्नईयिन क्लबमध्ये गेला, पुन्हा उभा राहिला आणि १२ ऑक्टोबर २०२४ रोजी व्हिएतनाममध्ये त्याने भारताचा एकमेव गोल करून सामना १-१ असा बरोबरीत सोडवला. सब्र म्हणजे हात बांधून बसणं, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. त्या तीन वर्षांत फारूखने काय केलं असेल ते डोळ्यांसमोर आणा. सब्र त्याला म्हणतात.

आता आमची चूक.

१५ सप्टेंबर २०१७ आठवतो? सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात होणार होता, म्हणून राज्य सरकारने त्या दिवशी महाराष्ट्रभर शाळाशाळांतून मुलांना फुटबॉल खेळायला लावलं. आमच्या शाळेचं मैदान उताराचं, लाल मातीचं. पावसाने चिखल झालेला. त्या चिखलात एक मुलगा अनवाणी असा काही पळाला की शिपाईमामासुद्धा घंटा द्यायचे विसरले. पुढच्या वर्षी बाहेरगावच्या निवड चाचणीचा फॉर्म आला. त्याचे अब्बा फॉर्म हातात घेऊन आमच्याकडे आले. "सर, पाठवू का?" सहामाही परीक्षा पंधरा दिवसांवर होती. आम्ही म्हणालो, "भाई, चेंडूने पोट भरत नाही. पोराला अभ्यासाला बसवा." त्यांनी मान डोलावली. फॉर्मची घडी घालून खिशात ठेवली.

तो मुलगा दहावी नापास झाला. अभ्यासात तो रमला नाही आणि खेळ आम्ही सोडवला होता. आज तो जव्हार-विक्रमगड रस्त्यावर टेम्पो चालवतो. कष्टाची, इज्जतीची भाकरी खातो. भेटला की टेम्पो थांबवून सलाम करतो, तक्रार एका शब्दाची करत नाही. तक्रार केली असती तर आम्हाला जरा हलकं वाटलं असतं.

त्याचा धाकटा भाऊ आता आमच्या सातवीत आहे. तोही कडेनेच पळतो. या डिसेंबरात निवड चाचणीची वेळ आली, तेव्हा आम्ही स्वतः फॉर्म घेऊन त्यांच्या घरी गेलो. अब्बांनी चहा दिला, फॉर्म वाचला आणि शांतपणे म्हणाले, "सर, तुम्हीच म्हणाला होता, चेंडूने पोट भरत नाही."

आम्ही फारूखची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "फारूख एक. बाकीच्या शंभर पोरांचं काय?"

प्रश्न रास्त होता. खोटं उत्तर द्यायचं नाही असं ठरवूनच आम्ही गेलो होतो. म्हणालो, "शंभरातले नव्याण्णव फारूख होत नाहीत. तुमचाही बहुधा होणार नाही. पण मोठ्याला मी एकच दार दाखवलं आणि दुसरं बंद केलं. ते माझं चुकलं."

मग कॉपेलचं सांगितलं. हे प्रशिक्षक तरुणपणी स्वतः विंगर होते, मँचेस्टर युनायटेड आणि इंग्लंडचे. लहान क्लबकडून खेळत असताना ते लिव्हरपूल विद्यापीठात शिकत होते. युनायटेडसारख्या क्लबने बोलावल्यावरही त्यांनी पदवी पुरी केली. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९८३ मध्ये, अवघ्या २८ व्या वर्षी, त्यांचं खेळणं कायमचं थांबलं. पुढे ते प्रशिक्षक झाले. खेळ कधीही हातातून जाऊ शकतो हे खरं, म्हणून पुस्तक हवंच. पण पुस्तकासाठी खेळ मोडायला हवा, असं मात्र नाही.

अब्बा बराच वेळ बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "गणितात तो कच्चा आहे. ते कोण बघणार?"

"मगरिबनंतर रोज एक तास माझ्या घरी पाठवा. मी बघतो."

त्यांनी सही केली.

वाचकहो, तुमच्याही घरी असा एखादा पळणारा मुलगा असेल, मुलगीही असेल. तर काही साध्या गोष्टी ध्यानात ठेवा. जन्माचा दाखला आणि आधारकार्ड यांवरचं नाव आणि तारीख आताच जुळवून घ्या, ऐन वेळी फॉर्म तिथेच अडतो. शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होतात आणि जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत जातात. त्यांच्या तारखा शाळेत विचारत राहा. खेळात पुढे गेलेल्या मुलांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळण्याची तरतूद आहे, आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. प्रमाणपत्रं जपून ठेवा. आणि शिक्षकाला सल्ला विचाराल तेव्हा त्याला उलटही विचारा, "सर, तुम्ही यात काय मदत कराल?" आम्हाला कुणी तेव्हा असं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

धाकट्याचं निवड चाचणीत नाव आलं नाही. परतीच्या एसटीत तो खिडकीशी गप्प बसून होता. दुसऱ्या दिवशी मगरिबनंतर येईल की नाही, याची आम्हाला शंका होती. तो आला. चपला दाराशी काढल्या, वही उघडली आणि विचारलं, "सर, पुढच्या वर्षी ही चाचणी कोणत्या महिन्यात असते?"

आधी अपूर्णांक सोडवू, आम्ही म्हणालो. मग कॅलेंडर काढलं.