डब्यातली ती अर्धी ट्यूब

आत्ताच घरातला औषधांचा डबा खाली काढा. बिस्किटांचा जुना पत्र्याचा असेल, नाहीतर फ्रिजवरची परडी असेल. त्यात एक ट्यूब सापडेल. शेपटीकडून गुंडाळत आणलेली, टोपण हरवलेली. जांघेतल्या खाजेवर मेडिकलवाल्यानं दिलेली. तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलंय? मग ती गजकर्णावर लावू नका. शेजारणीलाही देऊ नका.

ही स्टेरॉइडं. चट्ट्यावर चोळली की दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते. आपण म्हणतो, गुण आला! खरं तर त्वचेची झुंज तेवढी थंडावलेली असते. गजकर्ण करणारी बुरशी खाली निवांत पसरत असते. ट्यूब संपली की चट्टा दुप्पट होऊन परततो. मग पुन्हा तीच ट्यूब. त्यात बऱ्याचदा बुरशीचं औषधही असतं, पण आपण ते चार दिवस लावतो, आठ दिवस विसरतो. कच्ची बुरशी मरते. जिच्यावर औषध चालत नाही ती उरते, आणि तीच घरभर वाढते.

2020 साली जपानमधल्या संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या त्वचेवरल्या अशा बुरशीला नाव दिलं: ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावातच भारत आहे. देशाचं नाव असं गाजावं, हे काही बरं नव्हे. टर्बिनाफिन हे गजकर्णाचं भरवशाचं औषध तिच्यापुढे बऱ्याचदा हात टेकतं. ती न्यूयॉर्कमधल्या दोघींच्या अंगावर सापडल्याची नोंद 2023 साली झाली. त्यातली एक तर अलीकडे परदेशी गेलेलीच नव्हती.

पण इतक्या लांब कशाला जायचं? पावसाळ्यातलं आपलं घर पाहा. दोरीवर दमट कपडे, न्हाणीघरात सगळ्यांना मिळून एक टॉवेल. सासऱ्यांचा चट्टा नातवाच्या पाठीवर यायला कितीसा वेळ लागतो? सून लाजेनं सांगत नाही, कंबरेची जागा खाजवत पोळ्या लाटते. तिला विचारा. त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊन जा. घरात ज्या ज्या कुणाला खाजतंय, त्या सगळ्यांना एकदमच दाखवा. जाताना ट्यूब सोबत न्या आणि किती दिवस लावली ते खरं सांगा. डॉक्टर रागावतील, रागावू देत! चट्टा दिसेनासा झाला तरी ते थांबा म्हणेपर्यंत औषध सोडू नका.

2018 साली सरकारनं स्टेरॉइडची 14 मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत घातली. पण चिठ्ठी मागतो कोण? आपण काउंटरवर "खाजेचं काहीतरी द्या" म्हणतो, मेडिकलवाला देतो. उद्यापासून तसं म्हणू नका.

डब्यात अजून एक पाकीट असेल, सर्दीला घेतलेल्या अँटिबायोटिकचं. पाचातल्या दोन गोळ्या उरलेलं, मागे तांबडी उभी रेघ असलेलं. ती रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. सर्दी विषाणूची असते. अँटिबायोटिकनं ती जात नाही. पोटातले जंतू मात्र त्या गोळीला सरावतात. 2019 या एका वर्षात औषधाला न जुमानणाऱ्या जीवाणूंनी जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसांचा थेट बळी घेतला. दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ काचेच्या पेटीत असतं, असाच जंतू रक्तात उतरतो, डॉक्टर एकामागून एक औषध बदलतात. त्या बाळाच्या आईला आपल्या डब्यातल्या दोन गोळ्या ठाऊकही नसतात.

तुम्ही मुद्दाम कुणाचं वाईट करणार नाही. म्हणूनच सांगतोय, उरलेली गोळी धाकट्याच्या तापाला देऊ नका. अंदाजानं अर्धी मोडू नका. मित्राला लागू पडली म्हणून स्वतः घेऊ नका. डॉक्टरांना विचारा, "हे अँटिबायोटिक आहे का? खरंच लागेल का?" विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि आज रात्री झोपण्याआधी तो सामायिक टॉवेल गरम पाण्यात भिजत घाला. उद्या कडक उन्हात वाळवा. ऊन नसेल तर इस्त्री फिरवा. कपाटातून प्रत्येकाला आपापला वेगळा टॉवेल काढून द्या, पोरांनाही.