नाशिकचा कांदा, ढाक्याचा धडा

ऑक्टोबर २०१९ मध्ये दिल्लीत भरलेल्या उद्योजकांच्या बैठकीत बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना भाषणाच्या ओघात अचानक हिंदीत बोलू लागल्या. भारताने कांदा एकाएकी बंद केल्याने आपण आचाऱ्याला जेवणात कांदा घालू नकोस असे सांगितले आहे. यापुढे निदान आधी कळवत जा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सभागृहात हशा पिकला. पुढच्याच महिन्यात ढाक्यात कांदा किलोला दोनशे टाकांच्या वर गेला आणि तो विमानाने आणण्याची वेळ आली. त्या प्रसंगातून ढाक्याने जो बोध घेतला, त्याची झळ आज नाशिकला बसत आहे.

दोन्ही देशांच्या उत्पादनाची तुलना वरवर पाहता विजोड वाटेल. भारतात २०२२-२३ मध्ये सुमारे ३०२ लाख टन कांदा पिकला; पुढच्या वर्षी तो २४२ लाख टनांवर घसरला. बांगलादेशचे उत्पादन तेथील सरकारी अंदाजानुसार ३५ लाख टनांच्या आसपास आणि गरज २६ ते २८ लाख टनांची. मग हा देश आयात का करतो? पिकलेल्या कांद्यापैकी पाव हिस्सा किंवा त्याहून अधिक सडतो, त्याला कोंब फुटतात किंवा तो वाळून त्याचे वजन घटते. नाशिकच्या चाळींतली स्थितीही यापेक्षा फार वेगळी नाही.

खरी मेख हंगामात आहे. निफाड, येवला, चांदवड, कळवण भागांतला उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि चाळीत ऑक्टोबरपर्यंत कसाबसा तग धरतो. पाबना, फरीदपूर, राजबाडी या बांगलादेशी जिल्ह्यांतले मुख्य पीकही मार्च-एप्रिलचेच. लहान कंद लावून घेतलेले तेथील ‘मुडीकाटा’ पीक डिसेंबरमध्ये येते. आपल्याकडे त्याच्या थोडा आधी लाल कांदा बाजारात उतरतो. म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात दोन्हीकडची कोठारे एकाच वेळी रिती होतात. ढाक्याला नाशिकची सर्वाधिक गरज असते तेव्हाच दिल्लीला आपल्या ग्राहकाची चिंता पडलेली असते. परतीच्या पावसाने लाल कांदा झोडपला की निर्यातीचे दार बंद झालेच म्हणून समजावे. १९९८ मध्ये कांद्याने दिल्लीतले सरकार घालवले, ही आठवण कोणत्याही पक्षाचा राज्यकर्ता विसरत नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये बंदी आली, सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा आली. दुसऱ्या वेळी सीमेवर मालमोटारींच्या रांगा लागल्या आणि अखेर २५ हजार टन कांदा बांगलादेशला सोडावा लागला. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागू झाले तेव्हा नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. त्याच डिसेंबरातली बंदी तर लाल कांद्याची आवक वाढत असतानाच आली आणि मे २०२४ पर्यंत टिकली. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्र्यांना लोकसभेची जागा गमवावी लागली, त्यामागे हा रोषही होता.

मात्र निवडणुकीपेक्षा मोठा बदल सीमेपलीकडे झाला. आपल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून मार्च २०२३ मध्ये बांगलादेशने आयात परवाने रोखले आणि भाव भडकल्यावर जूनमध्ये पुन्हा दिले. शिवाय उन्हाळी-पावसाळी लागवड वाढवण्यासाठी त्याने शेतकऱ्यांना बियाणे वाटले. त्यात भारतातून आणलेले एन-५३ हे वाण होते. या नावातला ‘एन’ नाशिकचा आहे.

स्वयंपूर्णता अजून ढाक्याच्या हाती लागलेली नाही; मधल्या तुटीसाठी कांदा आणावाच लागतो. पण आता किती आणि कधी आणायचा, हे तो ठरवू लागला आहे. २०२२-२३ मध्ये भारताने सुमारे २५ लाख टन कांदा निर्यात केला, त्यातला सहा-सात लाख टन एकट्या बांगलादेशने घेतला होता. २०२४-२५ मध्ये भारताची एकूण निर्यात १२ लाख टनांच्या आत आली. उरलेले २० टक्के निर्यातशुल्क केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून हटवले. त्या वेळी पाबन्याचा शेतकरी स्वतःचाच कांदा बाजारात आणत होता.